पंख्याखालची खुर्ची

ठाण्याला आपण सांस्कृतिक शहर आहोत असं वाटतं. डोंबिवलीला तशी खात्रीच आहे. कल्याण या भांडणात पडत नाही. १८६४ सालचं सार्वजनिक वाचनालय पदरी असल्यावर पडायचं कशाला? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे कल्याणच्या वाचनालयापेक्षा २९ वर्षांनी धाकटं. डोंबिवलीकराकडे एवढी जुनी तारीख नाही, म्हणून तो आवाज वाढवतो.

हे भांडण ज्या पुस्तकांच्या जिवावर चालतं त्यातलं एखादं पुस्तक भांडणाऱ्यांपैकी कुणी शेवटचं कधी घरी नेलं होतं, हे फक्त काउंटरवरच्या मॅडमना ठाऊक असतं. त्या बोलत नाहीत. तेवढा पगार त्यांना मिळत नाही.

आता माझं सांगतो. गेल्या मंगळवारी आमच्या वरच्या घरात फरश्या फोडायचं काम निघालं. मला हे सदर लिहायचं होतं, म्हणजे बसायला जागा हवी होती. जिथे कुणी काही विकत घ्यायला लावणार नाही अशी जागा ठाण्यात शोधून बघा. तलावपाळीचा बाक उन्हात. पालिकेचं उद्यान दुपारचं बंद, उद्यानालाही वामकुक्षी लागते. मॉलमधले बाक असे बेतलेले की बूड टेकावं पण विसावू नये. उडप्याकडे चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत टेबलावर फडका फिरतो. काचेच्या कॉफीवाल्याकडे पावणेतीनशे रुपयांत दीड तास मिळतो, मग एक गोड मुलगा येऊन ‘सर, अजून काही?’ असं विचारतो. त्याचा अर्थ ‘सर, अजून इथेच?’ असा असतो.

शेवटी आठवलं की आपण स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरच्या एका वाचनालयाच्या शाखेचे आजीव सभासद आहोत. आजीव सभासद म्हणजे ज्याने एकदाच पैसे भरले आणि तेवढ्यावर जन्मभर अभिमान बाळगला तो. गेलो.

“कार्ड?” मॅडमनी विचारलं.

“आजीव आहे मी.”

त्यांनी जाडजूड रजिस्टर काढलं, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. “तुमच्याकडे एक पुस्तक आहे. २०११ पासून.”

“कुठलं हो?”

“पाठदुखीवरचं.” मग जरा थांबून, “पाठ बरी आहे का आता?”

विलंब आकाराची गोष्ट त्यांनी काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं, एवढा मी ओशाळलो. बसायला जागा आहे का, असं हळूच विचारलं.

“पेपरांच्या टेबलाकडे बघा. अभ्यासिका फुल्ल आहे.”

या शेवटच्या वाक्यात उपनगरातल्या ग्रंथालयाचा सगळा ताळेबंद आहे. पुस्तकांच्या कपाटांमधल्या गल्लीत मी, एक आजी आणि एक झुरळ. पलीकडच्या खोलीत पासष्ट खुर्च्या आणि पासष्ट पोरं. एमपीएससी, बँक, पोलीस भरती, सीए, नीट. कुणाच्याही हातात ग्रंथालयाचं पुस्तक नाही. डबा घरचा, पुस्तकं क्लासची, पाणी बाटलीतलं. ग्रंथालयाचं ते फक्त खुर्ची घेतात. आणि पंखा.

इथला शिष्टाचार कुणाला शिकवावा लागत नाही, कारण तो लोकलमधून तसाच्या तसा आलेला आहे. खुर्चीवर बॅग ठेवून जागा अडवायची. बाकावर तिघांनी बसायचं आणि चौथ्याला अर्धं बूड टेकू द्यायचं. खिडकीजवळची जागा सकाळी सातला येणाऱ्याची. आणि उभ्या मुलाने बसलेल्याच्या जवळ जाऊन खाली वाकून विचारायचं, “किती वाजता उठणार?” बसलेला सांगतो, “साडेपाच.” म्हणजे साडेपाचपर्यंत ती जागा याची, नंतर त्याची. दोघांनाही ते मान्य असतं. दिवा स्टेशनवर लोकलमध्ये चढायला न मिळालेल्या माणसांच्या मुलांना रांगेचं शास्त्र आणखी कोण शिकवणार?

ही पोरं ग्रंथालयात का येतात याचं उत्तर डोंबिवली पूर्वेच्या किंवा कळव्याच्या कुठल्याही वन रूम किचनमध्ये सापडतं. रूममध्ये टीव्ही, किचनमध्ये आई, मधल्या दारात आजोबा. ज्याच्या घरात स्वतःची खुर्ची आहे तो घरी अभ्यास करतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो खासगी ‘स्टडी रूम’मध्ये जातो, तिथे प्लायवूडचा कप्पा, एसी आणि महिन्याचं भाडं असतं. उरलेला इथे येतो. उरलेले पुष्कळ आहेत.

मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं. त्यामागच्या मंडळींत विनायक लक्ष्मण भावे होते, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे. त्या वेळी भाव्यांचं वय एकवीस. निव्वळ मराठी ग्रंथांचं संग्रहालय काढायचं, हे एकविसाव्या वर्षी सुचलं त्यांना. आजचा एकवीस वर्षांचा ठाणेकर त्याच संस्थेच्या नौपाड्यातल्या शाखेवरून जाताना बघतो ती अभ्यासिकेतली रिकामी खुर्ची. यावर उसासा टाकायची पद्धत आहे. मी टाकणार नाही. भाव्यांना पुढच्या महिन्यात पोलीस भरतीची शारीरिक चाचणी द्यायची नव्हती.

उसासे टाकण्याचं काम करायला वेगळी माणसं आहेत. एका वाचनालयात (नाव सांगत नाही, मला तिथे परत जायचंय) ‘वाचनसंस्कृतीपुढील आव्हाने’ असा परिसंवाद होता. मला वक्ता म्हणून बोलावलं होतं. मोबाइलने वाचन संपवलं, तरुण पिढी ग्रंथालयाची पायरी चढत नाही, असं आम्ही तिघांनी आळीपाळीने सांगितलं. शाल, श्रीफळ, चहा, बटाटावडा. श्रोते सतरा, त्यातले कार्यकारिणीचे नऊ, वक्त्यांच्या घरचे चार. जिना उतरताना बघतो तर पायऱ्यांवर दहा-बारा पोरं वह्या घेऊन बसलेली. म्हटलं, इथे का? एकजण म्हणाला, “सर, वर प्रोग्रॅम आहे ना. अभ्यासिकेतल्या खुर्च्या तिकडे नेल्यात.”

पायरी न चढणारी तरुण पिढी ती हीच. पायरीवरच बसली होती.

खुर्ची या वस्तूबद्दल आपल्याकडे एरवी किती आस्था! २०२० च्या नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत संपली, २०२२ च्या मार्चात ठाण्याच्या. त्यानंतर वर्षानुवर्षं दोन्ही पालिकांच्या सभागृहांतल्या खुर्च्या रिकाम्या, कारभार प्रशासकाकडे. शहरं चालत राहिली. कुणाला काही कमी पडल्याचं जाणवलं असेल तर ते मनातल्या मनात. पण त्याच काळात अभ्यासिकेतली एक खुर्ची रंगकामासाठी दोन दिवस काढून बघायची होती. तक्रार वहीची पानं संपली असती.

आता पैशाचं. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यातून ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली, हापूसच्या पेट्यांची करतात तशी. कायदा चांगला आहे, फक्त त्यात ग्रंथालयासाठी कर घालायचा राहून गेला. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला. तिथल्या पालिका तो गोळा करून ग्रंथालय खात्याकडे द्यायला टाळाटाळ करतात, अशी ओरड सारखी होत असते. म्हणजे तिथे अडवून ठेवायला तरी काही आहे. आमच्या मालमत्ता कराच्या बिलात वृक्षकर आहे, शिक्षणकर आहे. झाड उभं आहे तोवर आम्ही पैसे देतो. त्याचा कागद झाला आणि कागदाचं पुस्तक झालं की हात वर.

२०२२ साली सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली आणि सगळीकडे आभाराचे ठराव झाले. ड वर्गातल्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार मिळत होते, ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला ४ हजार. ठाण्यात एवढ्या पैशात महिनाभर गाडी उभी करायला बरी जागा मिळाली तर माणूस पेढे वाटतो. या चार हजारांत वीज, झाडलोट, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं आणि हे सगळं सांभाळणाऱ्या बाईंचा पगार बसवायचा. बसतो. कारण त्या बाई बसतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, तेव्हा त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदन लिहिलं आणि खालच्या ओळीत ‘कृपया पंखे बंद करून जावे’.

या राज्याला ग्रंथालय किती महत्त्वाचं वाटतं याचा लेखी पुरावा आपल्या हातात आहे. टाळेबंदीत दारूची दुकानं उघडली २०२० च्या मे महिन्यात. ग्रंथालयांना परवानगी मिळाली १५ ऑक्टोबरला. मधले पाच महिने कपाटांतली पुस्तकं कसरीच्या वाचनसंस्कृतीत वाढली. आणि तारीख बघा, १५ ऑक्टोबर! अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणजे आपला ‘वाचन प्रेरणा दिन’. योगायोग असेल. नसला तर परवानगी देणारा तो अधिकारी मला आवडेल.

तर मी पेपरांच्या टेबलाकडे गेलो. हे निवृत्तांचं राज्य. इथेही अलिखित संविधान आहे. ज्येष्ठतम सभासद एक पेपर वाचतात, दुसरा मांडीवर असतो आणि तिसरा कोपराखाली. कोपराखालचा मागायचा नाही. शब्दकोडं पेनाने सोडवणारा सापडलेला नाही. गेली दहा वर्षं प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय आहे. वधू-वरांच्या जाहिरातीचा चौकोन कापून नेणारा मात्र सापडला. त्याच्या मुलीचं लग्न ठरल्यावर तो स्वतः पेढे घेऊन आला.

मला वाटायचं, हे म्हातारे घरी पेपर येत नाही म्हणून इथे येतात. शेजारच्या गृहस्थांना विचारलं.

“घरी दोन येतात,” ते म्हणाले. “पण घरी वाचला की सून म्हणते, बाबा, तेवढी मेथी निवडून द्या.”

तासाभराने कळलं की त्यांची पत्नी दीड वर्षापूर्वी गेली. हे त्यांनी क्रीडा पान उलटताना सांगितलं. मी काही बोललो नाही. समोरच्यांनी कोपराखालचा पेपर काढून त्यांच्याकडे सरकवला. संविधानात बसत नव्हतं ते.

कपाटांकडे येणाऱ्या आजींबद्दलही सांगायला हवं. त्या आठवड्याला चार कादंबऱ्या नेतात. वाचलेली कुठली आणि न वाचलेली कुठली हे कळावं म्हणून एकोणिसाव्या पानावर पेन्सिलीने बारीक फुली करतात. या शाखेतल्या तीनेकशे पुस्तकांवर ती फुली आहे. दुसऱ्या कुणीतरी एका रहस्यकथेच्या बाराव्या पानावर ‘डॉक्टरवर लक्ष ठेवा’ असं लिहून ठेवलंय. समीक्षा, समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? निदान ही वाचकापर्यंत पोचते.

डोंबिवलीला मी चिमटा काढला, तर तिचं एक कबूल करतो. तिथे पुंडलिक पै यांनी १९८६ साली लायब्ररी काढली, ती शाखाशाखांनी वाढली. जुनं पुस्तक आणा आणि दुसरं न्या, असा पुस्तक आदान-प्रदानाचा घाट त्यांनी घातला, त्याला झुंबड उडते. लोक काय आणतात आणि काय न्यायला बघतात हा स्वतंत्र विनोदी लेखाचा विषय आहे. कुणीही ज्ञानकोश घेऊन घरी जायला तयार नसतो. पण मुद्दा वेगळा. खासगी लायब्ररीवाल्याला डोंबिवलीकराचं वेळापत्रक पाठ असावंच लागतं, नाहीतर तो उपाशी मरेल. वाचक सकाळी सातनंतर घरात नसतो आणि रात्री नऊच्या आधी परत येत नाही. पुष्कळशी अनुदानित वाचनालयं सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ उघडी. ही वेळ ठरवणाऱ्याने नोकरदार वाचक ग्रंथालयात येणार नाही याची पुरेपूर काळजी घेतलेली आहे. डोंबिवलीकर घाटकोपरला दाराच्या दांड्याला लोंबकळत असतो तेव्हा त्याचं वाचनालय उघडं असतं. तो उतरतो, तेव्हा शटर खाली.

वाचनालयाला सुट्टी रविवारी असेल तर मग बोलायलाच नको.

परदेशाचं उदाहरण दिल्याशिवाय सदर पुरं होत नाही, तर घ्या. हेलसिंकीत २०१८ साली संसदेच्या अगदी समोर ‘ओडी’ नावाचं ग्रंथालय उघडलं. तिथे पुस्तकांबरोबर शिलाई यंत्रं आहेत, बसायला, लोळायला जागा आहे, आणि काही घेतलं नाही म्हणून कुणी उठवत नाही. खासदाराला खिडकीतून तेच दिसत राहतं. आमच्याकडे पालिकेसमोर वडापावची गाडी असते. तीही गरजेची आहे, पण तिथे उभ्याने खावं लागतं.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांनी या प्रश्नावर तोडगा काढला आहे. माहितीपत्रकात स्विमिंग पूल, योगा डेक, पेट पार्क आणि ‘लायब्ररी लाउंज’. मेहुण्याच्या टॉवरमधली मी पाहिली. मऊ सोफे, पिवळा उजेड, कपाटात पाठीला सोनेरी पट्टी असलेले जाड ग्रंथ. एक ओढला तर सगळी रांगच हातात आली. आत पोकळ. नुसत्या पाठी होत्या. वॉचमन धावत आला, “साहेब, ते डेकोरेशन आहे.” खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. घरात चार-चार खुर्च्या असलेल्या माणसांसाठी बांधलेली ती बसायची जागा होती.

आणि नुसत्या पाठी नसलेले ग्रंथ? मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपली दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत, फुकट. एकोणिसाव्या शतकातलं मराठी पुस्तक आता न्यू जर्सीत रात्री दोन वाजता उघडता येतं. काम मोठं आहे, त्याची टिंगल मला जमणार नाही. मी एक उघडलंसुद्धा. तीन पानं वाचली आणि वर ड्रिल सुरू झालं. पुस्तक इंटरनेटवरून घरी आलं, शांतता आली नाही.

मंगळवारी त्या टेबलावर मी साडेचार तास बसलो. हे सदर तिथेच लिहिलं. विकत काही घेतलं नाही, कुणी काही विचारलं नाही. साडेसातला मॅडम उठल्या आणि कपाटांकडचे दिवे घालवायला लागल्या. मग एकेक पंखा. पंखा बंद झाला की त्याखालची पोरं वही न मिटता पुढच्या पंख्याखाली सरकतात. असं सरकत सरकत पावणेआठला सगळी अभ्यासिका पेपरांच्या खोलीत येऊन ठेपली, शेवटच्या चालू पंख्याखाली. तो नेमका माझ्या डोक्यावर होता.

एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. काखेत गणिताचं पुस्तक, मध्ये पेन खुपसलेलं. थोडा वाकला.

“काका, किती वाजता उठणार?”

बंद व्हायला पंधरा मिनिटं राहिली होती. मी उठलो. पिशवीत कागद भरून वळेपर्यंत तो बसलाही होता आणि पेनाचं टोपण दातात धरून त्याचं अर्धं गणित झालं होतं. दारात मॅडमनी हाक मारली, “काका, ते पाठदुखीचं पुस्तक घेऊन या हं. दोघांनी मागितलंय.”